बंदीपर्यंत थांबलो तर चालेल का?

वाचकाचे पत्र

माझे यजमान ट्रॉलरवर तांडेल आहेत, वय ४४. गणपतीनंतर त्यांना शौचाच्या जागेजवळ गळू झाले होते. ते आपोआप फुटले, बरे वाटले, म्हणून डॉक्टरकडे गेलो नाही. पुढे तिथे पुटकुळीसारखे बारीक तोंड राहिले. त्यातून अधूनमधून पू येतो आणि आतले कपडे खराब होतात. शिमग्यात पुन्हा सूज आली, तेव्हा मेडिकलमधून गोळ्या आणून घेतल्या. आता चार दिवसांपासून त्याच जागी गाठ आहे, बसता येत नाही आणि काल रात्री थंडी वाजून ताप आला. दोन वर्षांपूर्वी साखर थोडी जास्त निघाली होती, पण नंतर तपासली नाही. "गळू आसा, फुटला काय बरा होतला," एवढेच ते म्हणतात. ही मूळव्याध आहे का? मासळी आणि तिखट बंद करावे का? एसटी स्टँडजवळ 'विना ऑपरेशन, एका इंजेक्शनात भगंदर बरे' अशी पाटी आहे, तिथे न्यावे का? सीझन सोडून घरी बसणे आम्हाला परवडणार नाही. जूनमध्ये मासेमारीची बंदी सुरू झाल्यावर ऑपरेशन केले तर चालेल का? घरात मुले आहेत, त्यांना हे लागेल का? आणि ते दाखवायलाच तयार नाहीत, त्यांना कसे समजावू?
— एक भगिनी, देवगड तालुका

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात बरेच प्रश्न आहेत, पण त्यातल्या एकाचे उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखे नव्हते, म्हणून तुम्ही दिलेल्या नंबरवर ते आधीच कळवले आहे. तरीही ते इथे पुन्हा लिहितो, कारण हेच दुखणे अंगावर काढणारी माणसे रायगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत गावोगाव आहेत. चार दिवसांचा ठणका, थंडी वाजून आलेला ताप आणि कधीतरी वाढलेली साखर या तीन गोष्टी एकत्र आल्या असतील, तर ते गळू त्याच दिवशी शस्त्रक्रियातज्ज्ञाला दाखवले पाहिजे. त्यासाठी बंदीची, सुट्टीची किंवा पुढच्या फेरीची वाट पाहायची नसते.

गळवानंतर मागे राहणाऱ्या वाहत्या नळीची, म्हणजे भगंदराची, कायमची शस्त्रक्रिया मात्र जूनपर्यंत थांबू शकते, किंबहुना थोडी थांबलेलीच बरी. एकाच जागेच्या या दोन दुखण्यांचे वेळापत्रक वेगळे आहे, आणि इतक्या वर्षांत मी पाहत आलो आहे की माणसे नेमके उलटे करतात. गळू अंगावर काढतात आणि भगंदर मात्र एका इंजेक्शनात उरकायला बघतात.

हे दुखणे होते कसे, ते आधी समजून घेऊ. गुदद्वारापासून साधारण दोन सेंटिमीटर आत, आतल्या अस्तरात, बारीक खळग्यांची एक रांग असते आणि त्या खळग्यांत लहान ग्रंथींची तोंडे उघडतात. एखाद्या ग्रंथीचे तोंड बंद झाले की आत जंतू वाढतात, पू धरतो आणि तो पू स्नायूंच्या मधल्या फटीतून वाट काढत कातडीखाली येतो. या भागातली दहापैकी नऊ गळवे अशीच सुरू होतात. म्हणजे गाठ बाहेर दिसत असली तरी तिचे मूळ आतमध्ये असते. गळू फुटल्यावर किंवा फोडल्यावर पुष्कळांची ती आतली वाट मिटून जाते. साधारण तिघांतल्या एकाची, काही ठिकाणच्या नोंदींनुसार त्याहूनही अधिक जणांची, मिटत नाही. आत एक तोंड, बाहेर एक तोंड आणि मधे नळी अशी जी वाट कायम राहते, तिलाच भगंदर किंवा फिस्टुला म्हणतात. बाहेरचे तोंड वरवर भरले की आत पू साचतो, सूज येते, ते फुटते आणि पुन्हा बरे वाटते. गणपती ते शिमगा आणि शिमगा ते आज, असा जो फेरा तुम्ही लिहिला आहे, त्यावरून भगंदराचीच शंका येते. अर्थात तपासल्याशिवाय ती शंकाच आहे.

ही मूळव्याध दिसत नाही. आपल्याकडे त्या जागेच्या कोणत्याही तक्रारीला मूळव्याधच म्हणण्याची सवय आहे आणि त्यामुळे कितीतरी महिने चुकीच्या मलमात जातात. साध्या मूळव्याधीत शौचाच्या वेळी बहुधा न दुखता रक्त जाते. चीर पडली असेल तर शौचाला बसताच कापल्यासारखे दुखते आणि ती आग नंतरही तासभर राहते. गळवाचा ठणका मात्र शौचाशी बांधलेला नसतो. तो दिवसरात्र असतो, बसल्यावर, खोकल्यावर वाढतो आणि सोबत ताप येऊ शकतो. माकडहाडाच्या वरच्या घळीत केसांमुळे होणारे गळू हा आणखी वेगळा आजार आहे. त्याचे उपचारही वेगळे असतात.

आता गळवाविषयी. पू साचला आहे तिथे त्याला वाट करून देणे हाच उपचार आहे. गोळ्यांचा परिणाम साचलेल्या पुवाच्या पिशवीत पुरेसा पोहोचत नाही, त्यामुळे शिमग्यात घेतलेल्या गोळ्यांनी ताप आणि सूज काही दिवस दबली आणि मूळ तसेच राहिले, असे घडलेले असणार. अँटिबायोटिकची गरज असते ती ताप असेल, आजूबाजूची कातडी लाल होऊन पसरत असेल, मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तेव्हा, आणि तीही गळू मोकळे करण्याच्या जोडीला. तुमच्या यजमानांना ती बहुधा लागतील.

'अजून पिकलेले नाही, पिकू द्या' हा सल्ला या जागेच्या गळवाला लागू होत नाही. इथली चरबी जाड असते, पू खोल असू शकतो आणि बोटाला मऊ लागेपर्यंत तो आत बराच पसरलेला असतो. हे मी पुस्तकातून वाचले होतेच, पण शिकलो ते एका रुग्णाकडून. शस्त्रक्रियातज्ज्ञ म्हणून मी नुकता कुठे काम करू लागलो होतो, तेव्हा ऐन काढणीच्या दिवसांत एक आंबा बागायतदार असाच ठणका घेऊन आला. गाठ टणक लागली म्हणून मी गोळ्या लिहून दिल्या आणि पाच दिवसांनी यायला सांगितले. त्याची साखर तेव्हाच तपासायला हवी होती, ती मी तपासली नाही. तो आठव्या दिवशी आला तेव्हा सूज अंडकोशापर्यंत गेली होती, कातडी जागोजागी काळी पडली होती आणि साखर चारशेच्या वर होती. सडलेला भाग काढण्यासाठी तीन वेळा भूल द्यावी लागली आणि दीड महिना तो रुग्णालयात राहिला. तो वाचला, पण त्याच्या घरच्यांनी ते दिवस कसे काढले हे मी विसरलेलो नाही. म्हणून ही लक्षणे ठळकपणे सांगतो: सूज अंडकोशाकडे, जांघेकडे किंवा पोटाकडे पसरणे, कातडी काळी-निळी होणे, दाबल्यावर चरचर लागणे, लघवी अडणे, माणूस ग्लानीत जाणे. यातले एक जरी दिसले तरी रात्र आहे म्हणून थांबू नये, १०८ ला फोन करावा.

गळू मोकळे करण्याची शस्त्रक्रिया लहान असते. पू असलेल्या भागात जागेवरची भूल नीट चढत नाही, म्हणून शक्य असेल तिथे कमरेत इंजेक्शन देऊन किंवा थोडा वेळ झोपवून ती करतात. छेद गुदद्वाराच्या जितका जवळ घेता येईल तितका घेतात, म्हणजे पुढे भगंदर राहिलेच तर त्याची नळी आखूड राहते. जखमेत पट्टी गच्च कोंबून भरण्याची जुनी पद्धत आता बरेच जण सोडत आहेत, कारण तिने दुखते फार आणि फायदा फारसा दिसत नाही. ज्याला चार रात्री पालथे झोपावे लागले, तो माणूस त्या रात्री उताणा झोपतो, एवढा फरक तासाभरात पडतो. मात्र त्याच भुलेत, सुजलेल्या भागात सळई घालून भगंदराची नळी शोधून काढण्याचा अट्टहास सहसा करू नये. सुजलेले मांस ठिसूळ असते, सळई कुठेही शिरते आणि नसलेली वाट तयार होते. आतले तोंड सहज दिसलेच, तर अनुभवी तज्ज्ञ नळीतून एक सैल धागा ओवून ठेवतात, म्हणजे पू पुन्हा साचत नाही.

देवगडहून तुम्हाला कणकवलीचे उपजिल्हा रुग्णालय किंवा ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठता येईल. खाजगी दवाखान्यात गेलात तरी हरकत नाही, फक्त शस्त्रक्रियातज्ज्ञ आहेत याची खात्री करून घ्या. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळेल ते योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वीच विचारा.

गळू मोकळे झाल्यावर, सहा ते आठ आठवड्यांत सूज ओसरते आणि नळी, असेल तर, स्पष्ट होते. त्यानंतर भगंदराचा विचार करायचा. तपासणीची लाज सगळ्यांनाच वाटते, म्हणून ती कशी होते ते सांगतो. रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात आणि वरून चादर असते. डॉक्टर आधी नुसते पाहतात. बाहेरचे तोंड कुठे आहे, किती आहेत, जुने व्रण कुठे आहेत. मग हातमोजा घालून, जेली लावून, त्या तोंडापासून आतपर्यंतची कातडी बोटाने चाचपतात. नळी वरवरची असेल तर ती कातडीखाली जाळ्याच्या दोरीसारखी ताठ लागते आणि तिच्या रोखावरून आतले तोंड कुठे असेल याचा अंदाज येतो. नंतर बोट आत घालून ते तोंड बारीक दाण्यासारखे लागते का, हे पाहतात आणि स्नायूंची पकड किती आहे हेही जोखतात. हे सगळे पाच मिनिटांचे काम आहे. गळवाचा ठणका असतानाची तपासणी मात्र दुखते, म्हणून तेव्हा ती भुलेखाली करणे योग्य.

एवढी काळजी घ्यायची ती शौच रोखून धरणाऱ्या स्नायूंसाठी. त्या जागी दोन कडी असतात, आतले आपोआप आवळलेले राहते आणि बाहेरचे आपण इच्छेने आवळतो. भगंदराची नळी या कड्यांच्या मधून जाते, आरपार जाते की वरून वळसा घेऊन जाते, यावर उपचार ठरतो. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील ॲलन पार्क्स यांनी १९७६ मध्ये याच आधारावर भगंदराचे चार प्रकार केले आणि शस्त्रक्रियातज्ज्ञ आजही तीच भाषा बोलतात. नळी खालून, थोड्याच स्नायूतून जात असेल तर ती उघडी करून तळापासून भरू देणे हा सर्वात खात्रीचा उपाय आहे आणि नीट निवडलेल्या रुग्णांत दहापैकी नऊहून अधिक जण त्याने बरे होतात. तीच शस्त्रक्रिया वरून जाणाऱ्या नळीवर केली तर भगंदर बरे होईल, पण वारा किंवा पातळ शौच धरून ठेवता येणार नाही. तुमच्या यजमानांसारख्या, दिवसचे दिवस समुद्रावर राहणाऱ्या माणसाला ते किती जड जाईल हे सांगायला नको. स्त्रियांमध्ये पुढच्या बाजूचे स्नायू मुळातच आखूड असतात आणि बाळंतपणात त्यांना इजा झालेली असू शकते, म्हणून तिथे आणखी जपावे लागते.

म्हणूनच परत परत होणाऱ्या भगंदरात एमआरआय करून घ्यावा असे मी आग्रहाने सांगतो. त्यात नळीच्या फांद्या, आत लपलेला पू आणि स्नायूंशी असलेले नाते दिसते. क्ष-किरणांचा संबंध नसतो. पूर्वी बाहेरच्या तोंडातून औषध सोडून फोटो काढत, पण त्यात स्नायू दिसत नाहीत. भगंदर परत होण्याचे मोठे कारण आतले तोंड किंवा एखादी फांदी सुटून जाणे हे आहे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या शस्त्रक्रियेच्या त्रासापुढे एमआरआयचा खर्च कमीच ठरतो.

याच्या जोडीला दोन गोष्टी विसरू नका. पहिली साखर: उपाशीपोटीची, जेवणानंतरची आणि गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी. साखर ताब्यात नसेल तर सगळ्यात चांगली शस्त्रक्रियाही भरून येत नाही. दुसरी क्षयरोगाची तपासणी. आपल्या देशात भगंदराच्या मुळाशी कधी कधी क्षय असतो, आणि तो फुप्फुसात असलाच पाहिजे असे नाही. शस्त्रक्रियेत नळीचा काढलेला तुकडा कचऱ्यात न टाकता तपासणीला पाठवायला सांगा आणि त्याचाच भाग क्षयाचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट तपासणीला द्यायला सांगा. क्षय निघाला तर सरकारी कार्यक्रमातून औषधे मोफत मिळतात. तुकडा तपासला की वर्षानुवर्षे वाहणाऱ्या भगंदरात क्वचित होणारा कर्करोगही कळतो. वारंवार जुलाब, पोटदुखी, वजन घटणे असे काही असेल तर आतड्याच्या क्रोन्स आजाराची शंका घेऊन दुर्बिणीतून तपासणी करावी लागते.

वरून जाणाऱ्या भगंदरासाठी स्नायू न कापता करण्याच्या पद्धती आहेत. थायलंडमध्ये विकसित होऊन २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली लिफ्ट ही त्यातली एक. तिच्यात दोन कड्यांच्या मधल्या फटीतच नळी बांधून तोडतात. आतल्या अस्तराचा पदर ओढून तोंड झाकणे, दुर्बिणीने नळी आतून जाळणे, लेझर, या आणखी काही. यांत स्नायू वाचतात, पण यश साधारण तीनपैकी दोघांना मिळते, उरलेल्यांना पुन्हा काही करावे लागते. 'लेझर आहे म्हणजे हमखास' असे कुणी सांगत असेल तर ते खरे नाही.

आता क्षारसूत्र, कारण त्या पाटीमुळे तुमच्या मनात त्याचा गोंधळ झाला असावा. भगंदराचे पाच प्रकार आणि त्यांचे उपचार सुश्रुतसंहितेत आहेत. क्षारसूत्र म्हणजे लिननच्या घट्ट दोऱ्याला स्नुही या निवडुंगाच्या चिकाचे, अपामार्गाच्या क्षाराचे आणि हळदीचे मिळून एकवीस लेप देऊन वाळवलेला धागा. हा अपामार्ग म्हणजे हरतालिकेच्या पत्रीत असतो तोच आघाडा. धागा नळीतून ओवून बांधतात आणि दर आठवड्याला बदलतात. तो नळी हळूहळू कापत जातो आणि मागून जखम भरत येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने याची शस्त्रक्रियेशी तुलना केली, तिचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. क्षारसूत्राने बरे व्हायला साधारण आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. मात्र भगंदर परत होण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि शस्त्रक्रियेत ११ टक्के होते. मी ॲलोपथीचा माणूस आहे, तरी हा उपचार शल्यतंत्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या शस्त्रक्रियाशास्त्रात, एमएस झालेल्या वैद्याकडून करून घ्यायला माझा विरोध नाही. तुमच्या जिल्ह्यात सावंतवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करता येईल. एवढे लक्षात ठेवा की हा धागाही वाटेत आलेला स्नायू कापतो, म्हणून वरून जाणाऱ्या नळीत आधीची तपासणी तितकीच काटेकोर हवी.

पाटीवरचे इंजेक्शन हे क्षारसूत्रही नव्हे आणि शस्त्रक्रियाही नव्हे. अशा ठिकाणी त्या जागी जाळणारे रसायन टोचल्याची उदाहरणे माझ्याकडे आली आहेत. मांस सडून जखम होते, भरताना जागा आवळते आणि पुढे शौचाची वाटच अरुंद होते. पदवी कोणती, नोंदणी क्रमांक कोणता, हे विचारल्यावर ज्याला राग येतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

आता बंदीचा हिशोब. गळू आता मोकळे केले तर दोन-तीन आठवडे त्यांना बोटीवर पाठवू नका. पुढचे काम जखम पाहून डॉक्टर ठरवतील. १ जूनला बंदी लागते ती ३१ जुलैपर्यंत असते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एमआरआय आणि साखरेची तपासणी, मग शस्त्रक्रिया, आणि जखम भरायला उरलेले सहा-सात आठवडे. साधे भगंदर असेल तर नारळी पौर्णिमेपर्यंत ते उभे असतील. गुंतागुंतीचे निघाले तर सैल धागा ठेवून काम टप्प्याटप्प्याने होईल. असा धागा असताना माणसे कामावर जातात, फक्त रोज धुऊन कोरडे ठेवावे लागते.

मासळी किंवा तिखट यांमुळे भगंदर होत नाही, त्यामुळे घरातला तिखला, म्हणजे मासळीचे तिखट कालवण, बंद करू नका. जखम ओली असताना तिखटाने आग होईल, तेवढ्यापुरते कमी करा. शौच मऊ राहणे महत्त्वाचे. नाचणीची भाकरी, पालेभाजी, कुळीथ, रात्री पाण्यातून इसबगोल चालेल, आणि बोटीवर शौचाची गैरसोय होते म्हणून पाणीच कमी पिण्याची जी सवय असते ती मोडावी लागेल. शस्त्रक्रियेनंतर दिवसातून दोन-तीनदा आणि प्रत्येक शौचानंतर, टबमध्ये सोसवेल इतक्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसायचे. पाण्यात काही घालण्याची गरज नाही. मुलांना हे लागत नाही. कपडे वेगळे ठेवू नका, साबणाने हात धुणे पुरेसे आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. त्यांना आजाराचे नाव सांगून उपयोग होणार नाही, कारण त्यांच्या लेखी ते गळूच आहे आणि ते चुकीचेही नाही. त्यांना एवढेच सांगा की हे गळू एकदा फुटले, एकदा गोळ्यांनी दबले, तरी बरे झाले नाही, आणि आज ते मोकळे केले तर तीन आठवड्यांचे काम बुडेल, पण कातडी काळी पडली तर अख्खा सीझन जाईल. तांडेलाला हा हिशोब कळतो. तरी लाजले तर पुरुष डॉक्टर असलेला दवाखाना निवडा, स्वतः सोबत जा आणि तपासणीच्या वेळी बाहेर थांबा. त्यांना तुमच्यासमोर लाज वाटते, डॉक्टरसमोर तेवढी वाटणार नाही. जाताना जुन्या साखरेचा रिपोर्ट आणि शिमग्यातल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत घ्या, आणि भूल द्यावी लागेल म्हणून निघण्याआधी त्यांना काही खायला देऊ नका. शेवटचे कधी आणि काय खाल्ले ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा.